पायाखाली

"त्यात तिचा भाऊ गेला," डेमो द्यायला आलेला माणूस म्हणाला, आणि पडद्यावरचं चित्र बदलण्याआधी तो जरासा थांबला. किती थांबायचं हे त्याला बरोबर ठाऊक होतं. बैठकीच्या खोलीतला एसी अचानक ऐकू यायला लागला. कुणीतरी हळहळलं. पहिल्या रांगेतल्या नव्या मुलीने हातातलं पेन खाली ठेवलं. मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसलेली ती मात्र हललीसुद्धा नाही. ज्या भावाशी सकाळी गिझर चालू ठेवण्यावरून तिची चांगली जुंपली होती, तो भाऊ गेला होता. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते इतकंच : कधी? जणू ही खरंच बातमी होती आणि तिला सोडून सगळ्यांना आधी कळली होती. हे मूर्खपणाचं आहे हे समजत असूनही तिने टेबलाखाली फोन काढून त्याला लिहिलं, काय करतोयस. उत्तर लगेच आलं. बसलोय. आणि मग, का?

डेमोवाला पुढे सांगत होता. कुठलीतरी एक बाई, कॉम्प्युटरवर इमारतींची मॉडेलं करणारी. तिचा भाऊ बांधकामावर स्लॅबच्या उघड्या भोकातून खाली पडला. त्या दुःखातून तिने एक छोटंसं ॲड-इन केलं. मॉडेल बनवायच्या मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायचं, फुकट, कुणीही घ्यावं असं. जगभर लोकांनी घेतलं. "पण मंडळी, दुःखाला सपोर्ट टीम नसते," तो म्हणाला, आणि हे वाक्य त्याने आधीही बऱ्याच खोल्यांत म्हटलेलं असणार, कारण हसू येण्याआधीच त्याने हसण्यासाठी जागा सोडली. लोक हसले. आता त्याच्या कंपनीने तेच काम घेऊन त्याला मोठं, पक्कं, हुशार केलं होतं. पडद्यावर एका इमारतीचे मजले एकामागून एक काचेसारखे पारदर्शक झाले, आणि त्यांतली भोकं लाल झाली. तो लाल रंग तिने निवडलेला होता. आधी तिने नारंगी ठेवला होता, पण जिन्यांच्या रंगात तो मिसळायचा. पहिल्या रांगेच्या कडेला सर बसले होते, या ऑफिसचे मुख्य आर्किटेक्ट. ते हॉस्पिटलात दोनदा येऊन गेले होते, भावाच्या उशाशी बसले होते, त्याच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारल्या होत्या. सरांनी मान खाली घातली आणि फोनवर काहीतरी वाचायला घेतलं.

भाऊ वायरमन होता. ती ऑफिसात बसून इमारती काढायची, तो त्यांच्यात वायरी ओढायचा. घरी जेवताना तो तिला चिडवायचा, ताई, तुमच्या भिंती कागदावर सरळ असतात, आमच्याकडे येईपर्यंत दारू पिऊन येतात. आई तेव्हा होती, ती हसायची. मग एक दिवस साइटवरून फोन आला आणि ती हॉस्पिटलात पोचली तेव्हा तो पट्ट्यांवर पट्ट्या बांधून पडला होता, आणि जो तो म्हणत होता, नशीब, एकच मजला. एका मजल्याने त्याची कंबर नेली. पाइपांच्या डक्टसाठी सोडलेलं भोक होतं, भोकाभोवती काही नव्हतं. काही नव्हतं, हे शब्द तिला कुणी सांगितले ते नंतर कधी आठवलं नाही. व्हरांड्यात उभ्या असलेल्या माणसांपैकी कुणीतरी. पण ते तिच्या आत जाऊन बसले, कारण काही नसणं म्हणजे काय हे तिला तिच्या कामातून नेमकं माहीत होतं. मॉडेलमध्ये पाइपवाले इंजिनिअर डक्ट जरासं सरकवतात. भोक त्याच्याबरोबर सरकतं. भोकाभोवतीचा कठडा कुणी सरकवत नाही, तो जुन्या जागी राहतो, रिकाम्या जमिनीचं रक्षण करत. हजार गोष्टींमध्ये ते दिसत नाही. छापून जातं, तसंच बांधलं जातं, आणि मग कुणाचा तरी भाऊ मागे एक पाऊल टाकतो.

तिला प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. व्हिडिओ बघून शिकली. आईच्या आजारपणात, भावाच्या व्यायामाच्या मधल्या वेळात, रविवारी, सुट्टीत, स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर. तिने केलेली ती चीज दिसायला अगदी साधी होती. एक बटण. दाबलं की ते एकेका मजल्यावर जायचं, माणूस खाली जाऊ शकेल असं प्रत्येक भोक शोधायचं, आणि त्याच्या चारही बाजूंना कठडा किंवा भिंत आहे का ते पाहायचं. नसेल तिथे लाल. सगळं जागच्या जागी असेल तर कोपऱ्यात एक छोटी हिरवी खूण. नाव तिने ठेवलं होतं 'पायाखाली'. नेटवर टाकताना तिने परवानगीचा मजकूर दुसऱ्या कुठल्यातरी फुकट ॲड-इनवरून जशाच्या तसा उचलला : कुणीही घ्या, वापरा, बदला, विकासुद्धा, जबाबदारी आमच्यावर नाही. आणि त्याच्या वर स्वतःच्या दोन ओळी लिहिल्या. माझा भाऊ अशाच एका भोकातून पडला. तुमचा पडू नये. लोकांनी त्या दोन ओळीच एकमेकांना पाठवल्या. आधी आभार आले, अनोळखी भाषांमधून, हात जोडलेल्या छोट्या चित्रांसकट. भावासाठी प्रार्थना आल्या. मग हळूहळू सूर बदलला. नव्या आवृत्तीत चालत नाही, कधी करताय? गोल भोकं का पकडत नाही? फुकट आहे म्हणून काहीही खपवायचं का? एकाने लिहिलं होतं, तुमच्यामुळे माझं प्लॅनचं सबमिशन लटकलं, आणि ती खरोखर अर्धा दिवस ऑफिसातून रजा घेऊन त्या माणसाचं सबमिशन सोडवत बसली होती. त्या काळात एक माणूस तिच्याकडे यायचा, लग्नाचं जवळजवळ ठरत आलं होतं. तो एकदा सोफ्यावरून उठला, बूट घातले आणि दारातून म्हणाला, "तुझ्या भोकांतून वेळ मिळाला तर कळव." तिने कळवलं नाही. गोल भोकं पकडायला मात्र त्याच आठवड्यात जमलं.

डेमो संपल्यावर सगळे कॉफीच्या मशीनभोवती जमले. ती थोडा वेळ थांबली, आणि तो माणूस एकटा सापडल्यावर त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. जवळून तो बराच तरुण होता, कॉलरच्या आत मानेवर दाढी केल्याचा लाल चट्टा होता.

"तो भाऊ गेलेला नाही," ती म्हणाली.

"कोण?"

"तुमच्या गोष्टीतला. जिवंत आहे तो."

"ओळखता तुम्ही त्यांना?"

"एका घरात राहतो आम्ही."

त्याने कप खाली ठेवला. तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, जिथे आता नुसतं कंपनीचं चिन्ह होतं. त्याचा चेहरा खरंच पडला, हे तिला नंतरही मान्य करावं लागलं. "सॉरी मॅडम. मला वरून जसं लिहून येतं तसं मी बोलतो," तो हळू आवाजात म्हणाला. "आधी 'जखमी झाला' असंच होतं त्यात. पण त्या वाक्याला लोक फोन बघायचे." मग त्याला काहीतरी सुचलं आणि चेहरा पुन्हा उजळला. "मॅडम, तुमच्याबरोबर एक फोटो घेऊ का? आमच्याकडे सगळ्यांना फार आवडेल. तुमच्यामुळेच तर हे सगळं." ती नाही म्हणाली नाही. त्याने हात लांब करून फोन धरला, दोघांचे चेहरे त्या छोट्या काचेत आले, आणि तिला दिसलं की आपण हसतोय. फोटोत हसायची सवय इतकी घट्ट होती की तोंडाने तिला विचारलंसुद्धा नाही.

दुपारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. ते टेबलाच्या या बाजूला, तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. काही कठीण सांगायचं असलं की ते असे शेजारी बसायचे.

"हे बघ, सकाळचं ते नवं सॉफ्टवेअर आपण घेतोय. तुझं ते पायाखाली सगळ्या मशीनवरून काढावं लागेल. बाकीचीही फुकटातली सगळी ॲड-इन. वकिलांचं म्हणणं आहे, फुकटच्या गोष्टीला मालक नसतो. उद्या काही झालं तर कॉलर कुणाची धरायची?"

"माझी धरा."

"तुझी कॉलर केवढीशी," सर म्हणाले, प्रेमानेच.

"नव्यात भोकांची तपासणी येते का आपल्याला?"

"येते. म्हणजे, तो वेगळा पॅक आहे. सध्या नाही घेतलाय. पुढच्या वर्षी बघू."

हेच सर परिषदांमध्ये 'आमच्या ऑफिसात घडलेलं' म्हणून पायाखाली दाखवायचे, त्यावर टाळ्या घ्यायचे, आणि परत आल्यावर तिला टाळ्यांचं वर्णन करून सांगायचे, आपण तिच्यासाठी बाहेरगावाहून काहीतरी आणलंय अशा थाटात. ती म्हणाली, "मघाशी तुम्ही काही बोलला नाहीत."

"कशाबद्दल?"

"तो जिवंत आहे म्हणून."

सरांनी चष्मा काढला. "अगं," ते म्हणाले, "बोलली तर तूही नाहीस."

हे खरं होतं, आणि त्यामुळेच घरी जाताना बसमध्ये ते तिला सोडेना. का नाही बोलली? खिडकीला डोकं टेकून तिने स्वतःला निरनिराळी उत्तरं देऊन पाहिली. लाज वाटली. धक्का बसला. डेमो बिघडवणं बरं दिसलं नसतं. पण या सगळ्यांच्या खाली एक उत्तर होतं आणि ते ती पायाच्या अंगठ्याने चाचपून बघत होती : ती खोली हळहळली तेव्हा तिला बरं वाटलं होतं. इतकी वर्षं भावाविषयी कुणी असं हळहळलं नव्हतं. जिवंत, चिडका, अंघोळीला तासभर लावणारा, औषधं चुकवणारा, दर महिन्याला कुणाशी तरी भांडणारा माणूस घरात असला की लोक पहिल्या वर्षी विचारपूस करतात, दुसऱ्या वर्षी सल्ले देतात, आणि मग विषय बदलतात. त्या खोलीत तो एका क्षणात पुन्हा पंचविशीचा, उमदा, सगळ्यांचा झाला होता. त्यासाठी फक्त मरावं लागलं होतं.

तो खिडकीजवळच्या टेबलाशी बसला होता. शेजारपाजारच्यांचे बिघडलेले मिक्सर, इस्त्र्या त्याच्याकडे यायच्या. आत्ता त्याच्यासमोर कुणाच्या तरी पंख्याचं पोट उघडं पडलं होतं, आणि काढलेले स्क्रू त्याने बशीत ओळीने लावले होते. कुबड्या भिंतीला टेकलेल्या होत्या. तिने पर्स टाकली आणि त्याच्यासमोर बसली.

"ऑफिसात आज सांगितलं, तू गेलास."

"अरे. मला कुणी कळवलं नाही."

ती हसली नाही, म्हणून त्याने मान वर केली. तिने सगळं सांगितलं. डेमो, थांबणं, फोटो, सर. तो ऐकत होता, मधूनच पंख्याच्या पात्याला बोटाने फिरवत होता. शेवटी म्हणाला, "बरंच झालं की. मेलेला माणूस चारचौघांत बरा दिसतो."

"आणि ते काढून टाकायला सांगितलंय. सगळ्या मशीनवरून."

"टाक मग."

"टाक मग काय? तुझ्यासाठी केलं होतं मी ते."

त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं टिंव टिंव बराच वेळ चालू राहिलं.

"माझ्यासाठी म्हणू नकोस, ताई. तिथे कठडा होता."

"कुठे?"

"मी पडलो तिथे. चांगला पिवळा, पाइपचा. सकाळी मी त्यावर जाकीट अडकवलं होतं. दुपारी खालच्या मजल्यावर मोठी माणसं पाहणीला येणार होती, तिथला कठडा अजून आला नव्हता. तर मुकादमाने आमच्या मजल्यावरचा उचलून खाली नेला. संध्याकाळी परत लावतो म्हणाला. मी जेवून आलो, वायर ओढत ओढत मागे चालत होतो. मला वाटलं, पाठीला कठडा लागेल."

तो आपल्याच तळव्यांकडे बघत पुढे म्हणाला, "तुमच्या चित्रात कठडा होता. अगदी बरोबर जागी होता. तुझं ते बटण दाबलं असतं तर काय दिसलं असतं?"

"हिरवं," ती म्हणाली.

"मग?"

"इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? हॉस्पिटलात आलीस ती ठरवूनच आलीस, कठडा नव्हता, ड्रॉइंगवाल्यांची चूक. मला नळ्या लावलेल्या. नंतर सांगणार होतो. पण तोवर तू ते घेऊन बसायला लागली होतीस. आईला धरून रडायचीस ती थांबलीस. जेवायला लागलीस. म्हटलं, बसू दे." त्याने पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर उचलला. "मग लोकांचे निरोप यायला लागले. तू मला वाचून दाखवायचीस, कुणी कुठून माझ्यासाठी प्रार्थना केली ते. माझं पडणं जगभर फुकट वाटलंस तू. मला एकदा तरी विचारायचंस."

तिने स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर चहा ठेवला आणि दूध वर येईपर्यंत ओट्याला दोन्ही हात टेकून उभी राहिली. राग आला होता, पण तो कुणावर ठेवावा हे तिला कळेना. त्याच्यावर ठेवावा तर त्याने गप्प बसून तिला सांभाळलं होतं. स्वतःवर ठेवावा तर तिने त्याला सांभाळायचाच प्रयत्न केला होता. दोघांनी एकमेकांना इतकं जपलं होतं की मधला तो मुकादम, ज्याने पाइप उचलून खाली नेले, तो इतकी वर्षं आरामात सुटून गेला होता. आणि कुठे कुठे, कोण कोण माणसं ती हिरवी खूण बघून मशीन बंद करून निश्चिंत घरी जात असतील. तिने त्यांना निश्चिंती दिली होती, तीही फुकट. दूध उतू गेलं. भाऊ बाहेरच्या खोलीतून म्हणाला, "ताई, गॅस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एकेका मशीनवरून पायाखाली काढून टाकलं. दर वेळी ते विचारायचं, नक्की काढायचं का, आणि तो प्रश्नही तिनेच कधीतरी लिहिलेला होता. नवी मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. "मला आवडायचं हे," मुलगी म्हणाली, "हिरवं आलं की बरं वाटायचं." ती मुलीला म्हणाली, "हो ना." स्वतःचं मशीन तिने शेवटी ठेवलं होतं. त्यावर चालू कामाचं मॉडेल उघडलं, एक शाळा, तिचा वरचा भाग अजून बांधून व्हायचा होता. बटण दाबलं. मजले एकामागून एक पारदर्शक झाले आणि कोपऱ्यात हिरवी खूण आली. तिने ते काढलं. मग कपाटातलं हेल्मेट घेतलं, वर्षानुवर्षं कुणी न घातल्यामुळे आतला पट्टा कडक झालेलं, आणि सरांच्या केबिनच्या दारातून फक्त सांगितलं की मी साइटवर जातेय.

"साइटवर? तुझं काय काम तिथे?"

"बघून येते."

"काही अडलंय का?"

"नाही. सगळं हिरवं आहे," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

साइटवर जिना अजून उघडाच होता, पायऱ्यांवर सिमेंटचे थेंब वाळलेले. खालच्या मजल्यांवर सगळं व्यवस्थित होतं. प्रत्येक भोकाभोवती पिवळे पाइप, त्यांना धोक्याच्या पाट्या. ती मजला मजला चढत गेली. वर जाता जाता पाट्या संपल्या, मग पाइप थोडे वाकडे झाले, आणि एका मजल्यावर, मोठ्या खोलीच्या मध्यात, डक्टचं भोक नुसतंच होतं. मॉडेलमध्ये तिथे चारही बाजूंनी कठडा होता. तो तिने स्वतः काढला होता. भोकातून गार हवा वर येत होती आणि खूप खालून कुणीतरी हातोडा मारल्याचा आवाज. एक कामगार डोक्यावर घमेलं घेऊन भोकाच्या अगदी कडेने गेला, तिच्याकडे न बघता. ती भोकाजवळ जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळाने मुकादम आला. कानाला फोन होता, तो त्याने खिशात टाकला. वयाने पोक्त, आवाज मऊ. त्याला बघून तिला राग यायला हवा होता, पण तो दुसऱ्याच कुठल्या साइटवरचा दुसराच कुणी मुकादम होता.

"काय मॅडम, काही राहिलंय?"

"इथला कठडा कुठाय?"

"ड्रॉइंगमध्ये आहे ना?"

"आहे."

"मग झालं की. लागेल तो."

"तो लागेपर्यंत मी इथे उभी आहे."

तो हसला, मग हसणं आवरलं. खुर्ची मागवू का विचारलं. चहा मागवू का विचारलं. ती नाही म्हणाली. घमेलंवाला पुन्हा आला, या वेळी तिला वळसा घालून जावं लागलं म्हणून तो भोकापासून जरा लांबून गेला. सरांचा फोन वाजला, तिने तो वाजू दिला. पाय भरून आले तेव्हा तिने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. शेवटी मुकादमाने वैतागून जिन्यात जाऊन खाली तोंड करून काहीतरी ओरडून सांगितलं, दोन माणसं वरच्या मजल्यावर गेली, आणि वरून लोखंड उचकटल्याचे आवाज यायला लागले. मग ती दोघं पिवळे पाइप खांद्यावर घेऊन उतरली. भोकाभोवती कठडा लागला, बोल्ट आवळले गेले. मुकादमाने तो हलवून दाखवला.

"घ्या. फोटो काढून ठेवा, तुमच्या रेकॉर्डला."

"कुठून आणलात हा?"

त्याने हनुवटीनेच वर दाखवलं, त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटत नव्हतं. "वरच्या मजल्यावरचा. वर आज कुणी नाहीये."

ती जिन्याकडे निघाली. तो मागोमाग आला. वरच्या मजल्यावर खरंच कुणी नव्हतं, नुसतं ऊन, विटांचे ढीग, आणि मध्यात तेच भोक, भोवती चार ताजी छिद्रं, जिथून बोल्ट काढले होते. तिथून खाली पाहिलं की आत्ता लावलेला कठडा दिसत होता. ती कडेपासून एक हात अंतरावर उभी राहिली. सूर्य खाली जाईपर्यंत ती तिथेच होती. मुकादम दोनदा येऊन गेला. नवे पाइप मागवलेत म्हणाला, आणि कदाचित खरंच मागवले असतील. मग खाली कामं थांबली, माणसं हातपाय धुऊन निघाली, आणि पहारेकऱ्याने मुकादमाबरोबर वर येऊन फाटक बंद करायचं आहे असं सांगितलं.

"सकाळी माणसं कधी येतात?" तिने मुकादमाला विचारलं.

"उजाडलं की येतात."

"मी त्याआधी येते."

मुकादम या वेळी हसला नाही. जिना उतरताना तो तिच्या दोन पायऱ्या पुढे होता, उगाचच फोनचा प्रकाश तिच्या पायांवर धरत. फाटकाशी आल्यावर त्याने विचारलं, "आणि मॅडम, आणखी कितीतरी साइट आहेत. रोज येणार का असं?"

तिने हेल्मेटचा कडक पट्टा सोडवला. खरं उत्तर तिला ठाऊक नव्हतं, आणि खोटं बोलून समोरच्याला निश्चिंत करण्याचा तिला त्या दिवशी कंटाळा आला होता.